ग्रीस कधीच न पाहिलेला ग्रीसचा बँकर

प्रश्न : ग्रीसच्या स्वातंत्र्याबद्दल वाचताना ज्याँ-गाब्रिएल एनार या स्विस बँकरचं नाव सारखं येतं. पण तो आयुष्यात एकदाही ग्रीसला गेला नव्हता म्हणे! मग एवढा पैसा का ओतला? बँकरच तो, व्याज कमवायचं असणार ना?

उत्तर : तुमचा संशय अगदी रास्त आहे, कारण त्याच काळात लंडनमधे ग्रीसच्या नावावर जे झालं ते वाचलं की कुणालाही असंच वाटेल. १८२४ आणि १८२५ साली तिथल्या बाजारात तुर्कांविरुद्धच्या ग्रीक क्रांतीसाठी दोन कर्जं उभी राहिली, कागदावर मिळून २८ लाख पौंड, पण रोखे विकले गेले ५९ आणि ५५.५ ला, म्हणजे शंभराच्या रोख्यामागे हातात येणार एवढेच, आणि त्यातूनही आगाऊ व्याज आणि कमिशन आधीच कापलेलं. लढणाऱ्यांपर्यंत पोचलं ते त्याहून कितीतरी कमी. कर्ज मात्र ग्रीसच्या डोक्यावर पूर्ण २८ लाखांचं.

एनारचं काम याच्या बरोबर उलट होतं आणि म्हणून मला तो माणूस फार मोठा वाटतो. १८२५ नंतर युरोपभर ग्रीसच्या मदतीसाठी ज्या कमिट्या निघाल्या त्यांच्या पैशाचा मोठा भाग त्याच्या हातून जायचा, आणि तो नुसती रोकड पाठवून मोकळा व्हायचा नाही, धान्य घ्यायचं कुठून, जहाज कुठलं, तिकडे उतरवून घेणार कोण, वाटप कोण करणार, हे सगळं तो जिनिव्हात बसून पत्रांवर पत्रं लिहून बघायचा. स्वतःचे पैसेही घालायचा.

आता का घातले. माझं मत सांगते, पटलं तर बघा. एनार जन्मला फ्रान्समधल्या लियाँला, १७७५ साली, घराणं प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांचं. १७९३ मधे लियाँ पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठलं तेव्हा सरकारी फौजेने शहराला वेढा घातला, आणि हा सतरा वर्षांचा पोरगा शहर वाचवणाऱ्यांमधे होता. शहर पडलं. घरच्यांना पळून स्वित्झर्लंड गाठावं लागलं. पुढे इटलीत जेनोआला व्यापार, मग टस्कनीत सरकारी कर्जाचे व्यवहार, आणि तिशी-पस्तिशीतच तो श्रीमंत झाला. पण वेढ्यात अडकलेलं शहर म्हणजे काय हे त्याने आतून बघितलेलं होतं, आणि १८२६ मधे ग्रीसमधल्या मिसोलोंगी शहरात तेच चाललं होतं, लोक उपाशी, बाहेर तुर्की आणि इजिप्ती सैन्य, मदतीला निघालेल्या ग्रीक जहाजांना नाकेबंदी फोडता आली नाही. एप्रिलमधे उरलेल्यांनी रात्री वेढा फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला, बरेचसे मारले गेले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली गेली. त्यानंतर या गुलामांना पैसे मोजून सोडवून आणण्यासाठी जी धडपड झाली त्यात एनार पुढे होता. हे व्याजासाठी कोण करतं?

आणि १८४७ ची गोष्ट तर आवर्जून सांगायला हवी. ग्रीसचा पहिला राजा ओटो याच्या वेळेस इंग्लंड, फ्रान्स, रशिया या तिघांनी हमी देऊन ग्रीसला ६ कोटी फ्रँकचं कर्ज मिळवून दिलेलं, त्याचे हप्ते थकले, आणि इंग्लंडने तगादा लावला. तेव्हा एनारने स्वतःच्या खिशातून ५ लाख फ्रँक भरले! वय सत्तरीच्या पुढे.

प्रश्न : पण त्याला डिप्लोमॅट का म्हणतात? कुठल्या देशाचा राजदूत होता का तो?

उत्तर : तसा मोठ्या दरबारातला कायमचा राजदूत नव्हता. १८१४ मधे व्हिएन्ना काँग्रेसला, म्हणजे नेपोलियन हरल्यावर युरोपच्या सरहद्दी ठरवायला भरलेल्या परिषदेला, जिनिव्हाने जे शिष्टमंडळ पाठवलं त्यात पिक्ते द रोशमों आणि फ्रान्सिस दिव्हर्नुआ हे दोघं प्रतिनिधी आणि एनार सेक्रेटरी. बायको आना लुलाँही सोबत होती, पिक्ते तिचे मामा. जिनिव्हा तेव्हा नुकतंच फ्रान्सच्या ताब्यातून सुटलेलं, स्वित्झर्लंडला जोडायचं ठरलं पण मधला जमिनीचा पट्टा फ्रान्सचा. व्हिएन्नात त्यावर पूर्ण तोडगा निघाला नाही, त्या पट्ट्यातली व्हर्सुआ वगैरे गावं १८१५ च्या शेवटी पॅरिसच्या तहात मिळाली तेव्हा कुठे सलग जमीन झाली.

पण एनारला व्हिएन्नात खरी गोष्ट सापडली ती मैत्री. रशियाच्या बाजूने तिथे योआनिस कापोदिस्त्रियास होता, कॉर्फूचा ग्रीक, झारच्या नोकरीत. १८२२ नंतर तो जिनिव्हातच येऊन राहिला आणि १८२७ मधे ग्रीकांनी त्याला आपला शासक निवडला. मग त्याच्यासाठी पॅरिस आणि लंडनमधे मंत्र्यांना भेटायचं, पैशाची विनवणी करायची हे काम एनारने केलं, कुठलंही अधिकृत पद असो-नसो. १८३१ मधे नाफ्प्लियोमधे चर्चच्या दारात कापोदिस्त्रियासचा खून झाला. एखादा माणूस तिथेच थांबला असता, आपला माणूसच गेला म्हणून. हा थांबला नाही, १८४१ मधे नॅशनल बँक ऑफ ग्रीस उभी राहिली ती ग्रीक बँकर योर्गोस स्टाव्ह्रोस आणि एनार यांच्या खटपटीतून. बँकेला नोटा छापायचा हक्क होता, आणि ती बँक आजही चालू आहे.

प्रश्न : त्याची काही खूण आज बघायला मिळते का?

उत्तर : हो, दोन चांगल्या. जिनिव्हात बास्तियाँ पार्कला लागून त्याचा वाडा आहे, पॅले एनार, १८१७ ते १८२१ मधे बांधलेला, फ्लॉरेन्सचा आर्किटेक्ट जोव्हानी सालुची, आणि आराखड्यात आनाचाही मोठा हात. आता तिथे शहराचा कारभार चालतो. दुसरी म्हणजे फोटो. १८३९ मधे डागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची एक सुरुवातीची पद्धत, जाहीर झाला आणि पासष्टीच्या आसपास या माणसाने ते शिकून घेतलं, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात धरायचं, मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं, प्रत्येक पत्रा एकच, दुसरी कॉपी नाही. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममधे त्यातले बरेच आहेत. घरची मंडळी, नोकरचाकर, आणि मधे टोपी-काठी घेऊन बसलेला म्हातारा एनार. १८६३ मधे तो जिनिव्हात गेला, ग्रीस न बघताच.