नेदरलँड्सने फुटबॉलचा वर्ल्ड कप किती वेळा जिंकला आहे?

एकदाही नाही. मोठी ट्रॉफी म्हणाल तर 1988 चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा), तेवढीच. वर्ल्ड कपच्या फायनलला मात्र तीनदा पोचले आणि तिन्ही वेळा हरले.

1974 ला म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा बॉलला पाय लागायच्या आत नीस्केन्सने पेनल्टीवर गोल मारला होता, तरी 2-1 ने गेले. पण खरी चुटपूट 1978 ची. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू क्रायफ आलाच नव्हता, समोर यजमान अर्जेंटिना, 1-1 बरोबरी आणि अगदी शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा फटका पोस्टवर! थोडासा आत असता तर कप घरी आला असता. मग जादा वेळेत 3-1. 2010 ला स्पेनच्या इनिएस्टाने 116 व्या मिनिटाला गोल केला. त्याआधी नेदरलँड्सचा रॉबेन एकटाच गोलकीपरसमोर होता, पण कासियासच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला.