प्रश्न तुमचे: बांधावरचा काळा दगड आणि ‘एल ६’

प्रश्न: सर, भाताच्या शेताचा बांध नीट करताना एक काळा दगड मिळाला. सोललेल्या नारळाएवढा आहे, पण वजन पावणेतीन किलो. चुंबक धरला की चटकन चिकटतो. एका अंगाला काचेसारखी चकाकी आहे आणि बारीक भोकं आहेत. मुलगा म्हणतो, अशनी आहे. त्यानं काटोलच्या अशनीबद्दल वाचलंय, तिथं ‘एल ६’ असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ काय? आमचा दगड कुठल्या वर्गात बसेल? फोटो सोबत आहे.
– एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर: आधी तुमचा दगड, मग एल ६. फोटोतली ती भोकं बघून मला माझीच फजिती आठवली. नवा नवा प्राध्यापक होतो, तेव्हा विज्ञान प्रदर्शनात असाच एक दगड कापसावर ठेवला आणि पुढं ‘अशनी’ अशी चिठ्ठी लावली. दिवसभर पोरं रांगेनं येऊन बघून गेली. संध्याकाळी फाउंड्रीतले एक वयस्कर मोल्डर नातवाला घेऊन आले. दगड उचलला, उलटा केला, भोकांवरनं अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, “सर, हे आमच्या क्युपोलाचं, लोखंड वितळवायच्या भट्टीचं, स्लॅग की हो!”

स्लॅग म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडावर तरंगणारा मळ. तो ओतून टाकला की निवताना आतला वायू बुडबुडे करतो, भोकं त्याचीच. चकाकी काचेची. आत लोखंडाचे थेंब अडकून राहतात, म्हणून चुंबक चिकटतो. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहती तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. भराव म्हणून हे स्लॅग कुठल्या कुठल्या रस्त्यात आणि बांधात जाऊन बसलंय, ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. दगडी अशनीत असे बुडबुडे जवळजवळ कधीच नसतात. हवेतून येताना त्याचं फक्त वरचं साल वितळतं, तेही जेमतेम मिलिमीटरभर. आत तो थंडच राहतो.

निव्वळ चुंबकावरही जाऊ नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे कण असतात, दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडंही थोडा कलतो.

आता मुलाचा प्रश्न. काटोलचा अशनी नागपूर जिल्ह्यात २२ मे २०१२ ला पडला. तो ‘कॉन्ड्राइट’ जातीचा आहे. पडताना पाहिलेल्या अशनींत याच जातीची बहुसंख्या. अशा दगडाची कापून घासलेली चकती भिंगाखाली धरा. राखाडी जमिनीत खसखशीएवढे गोल दाणे दिसतात. हेच कॉन्ड्रूल, एके काळी अवकाशात तरंगत असलेले वितळलेल्या खनिजांचे थेंब. मधूनमधून ताज्या कापलेल्या कास्टिंगसारखे धातूचे ठिपके चमकतात. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एखाद्या कॉन्ड्रूलमध्ये ऑलिव्हिनच्या समांतर पट्ट्या दिसतात, थेट गजांच्या खिडकीसारख्या. शेजारच्यात पायरॉक्सीनचा पंखा उघडलेला असतो. ही दोन खनिजं म्हणजेच दगडाचा बहुतेक भाग. उरलेल्यात थोडं फेल्डस्पार, लोखंड आणि गंधक यांचं ट्रॉयलाइट नावाचं पितळी रंगाचं खनिज, चिमूटभर क्रोमाइट आणि निकेल मिसळलेलं लोखंड. पांढऱ्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा ठळक दाणा दिसला, तर तो दगड गोकाककडचा समजा, आकाशातला नव्हे.

‘एल ६’ मधलं अक्षर लोखंडाचा हिशेब सांगतं. ‘एच’ म्हणजे हाय, एकूण लोखंड वजनात सुमारे २७ टक्के. ‘एल’ म्हणजे लो, सुमारे २२ टक्के. ‘एलएल’मध्ये त्याहून कमी, आणि मोकळा धातू तर नावालाच. गंमत अशी, की धातूच्या रूपातलं लोखंड जसं घटतं, तसं ऑलिव्हिनच्या पोटातलं वाढतं. कारण त्या लोखंडाला ऑक्सिजन मिळालेला असतो आणि ते खनिजात जाऊन बसलेलं असतं. म्हणून प्रयोगशाळेत ऑलिव्हिनमधला लोहयुक्त वाटा मोजतात. एचमध्ये तो साधारण १६ ते २० टक्के येतो, एलमध्ये २२ ते २६, एलएलमध्ये त्याच्याही पुढं.

आकडा सांगतो भाजणी. ही पद्धत व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये मांडली. वीटभट्टी डोळ्यांपुढं आणा. कडेची वीट अर्धकच्ची, मधली खणखणीत भाजलेली, माती मात्र एकच. साध्या कॉन्ड्राइटमध्ये ३ म्हणजे जेमतेम शेकलेला: कॉन्ड्रूल ठसठशीत, त्यांत काचही शिल्लक. गुजरातेत १९७६ मध्ये पडलेला धजाळा एच ३.८ आहे, म्हणजे तिसरी संपून चौथीच्या उंबऱ्यावर. ६ म्हणजे आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात ८००-९०० अंशांपर्यंत तापून निघालेला. त्यात कॉन्ड्रूलच्या कडा पुसट होतात, फेल्डस्पारचे दाणे डोळ्यांत भरण्याइतके वाढतात. पण वितळला मात्र नाही, म्हणून धातू तळाशी न जाता जागच्या जागी राहिला. १ आणि २ हे आकडे भाजणीचे नाहीत, पाण्यानं बदललेल्या दगडांचे आहेत. जयपूरजवळ २०१७ मध्ये पडलेला मुकुंदपुरा त्या २ मधला. मुलाला हे मुद्दाम सांगा, कारण ६ म्हणजे १ पेक्षा भारी असं पोरांना हमखास वाटतं.

सगळ्याच दगडी अशनींत कॉन्ड्रूल असतात असंही नाही. राजस्थानात १९९६ मध्ये पिपलिया कलां इथं पडलेला युक्राइट जातीचा अशनी पायरॉक्सीन आणि फेल्डस्पारचा आहे, म्हणजे आपल्या पाषाणाचीच जोडी. त्याला चुंबक फारसा दाद देत नाही. वरची काळी चकचकीत साल गेली, तर बांधावर पडलेला असा दगड मीसुद्धा ओलांडून जाईन.

तुमच्या दगडाची खात्री घरच्या घरी करायची तर कोपऱ्यावर हातोडी मारा. आतही भोकंच निघाली, तर विषय संपला. आत दाणेदार राखाडी निघालं आणि धातू चमकला, तर तो कोपरा मला पाठवा, मी चहा घेऊन उभा राहीन. तोवर दगड बांधात परत ठेवा. स्लॅग पाण्यानं विरघळत नाही, बांधाला चांगलं.

प्रश्न: आपल्या भागात खरा अशनी कधी पडलाय का? सापडला तर कुणाला कळवायचं?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर: पडलाय. १८४८ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात. जगाच्या यादीत तो ‘धारवार’ याच नावानं आहे आणि साध्या कॉन्ड्राइटमध्येच मोडतो. कळवायचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला; देशातल्या अशनींचा त्यांचा संग्रह कोलकात्याला आहे. पण दगड धुऊ नका, तेल लावू नका आणि कृपा करून शेंदूर फासू नका. कोरड्या कागदात गुंडाळा, सापडल्याची जागा आणि वेळ त्यावरच लिहून ठेवा.