पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर आबा म्हणाले, "यंदा आपली ग्रामपंचायत बिनविरोध झाली. पाचामुखी परमेश्वर!" तू लगेच विचारलंस, "पण त्या पाच जणांना निवडलं कोणी?" आबा हसले आणि पाऊसपाण्यावर बोलू लागले. मीही गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

पाच जण एकमुखाने बोलले की तो देवाचाच शब्द, असा त्या म्हणीचा अर्थ. मतदानाची वेळच येऊ नये म्हणून पारावर बैठक बसते, एकेका जागेला एकच नाव ठरतं, बाकीचे अर्ज मागे घेतात. माघारीची मुदत संपताना एकच अर्ज उरला की तोच निवडून आला. बोटाला शाई लागत नाही. नोटाचं बटण दाबायचं म्हटलं तरी यंत्रच गावात येत नाही.

आबांचंही खरं आहे बरं का. वॉर्डात मतं चार-पाचशे, उमेदवार तीन. दीडशे-पावणेदोनशे मतांत माणूस निवडून येतो. मग चाळीस मतांची एखादी भावकी एकगठ्ठा जिकडे वळेल तिकडे गुलाल. त्या चाळिसांसाठी शपथा, जेवणावळी, रात्रीची पाकिटं. माझ्या लहानपणी अशा एका निवडणुकीनंतर माझ्या चुलत्यांनी आमच्या बांधावर पाऊल ठेवणं सोडलं, ते सात वर्षं. आबांना ते दिवस पुन्हा नकोत.

शहरातही थोडकी मतं भारी पडतात. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना सारखीच, ५,९४६ मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी काढावी लागली. कंटाळा करून घरी बसलेल्या एकाच माणसाने तिथे निकाल फिरवला असता! पण त्यात मला अन्याय दिसत नाही. दार सगळ्यांना उघडं होतं.

पारावरचं दार मात्र सगळ्यांना उघडं असतंच असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात मंदिराच्या कामासाठी म्हणून सरपंचपदाचीच बोली लागली, ती दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. पैसा देवळालाच जाणार होता, खिशात नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्याच्याकडे बोलीला पैसा नाही, त्याने सरपंच व्हायचं मनात तरी कसं आणायचं?

आपल्या गावात बोली लागली नाही, हे मी आबांना विचारून घेतलंय. बैठकीला साठेक माणसं होती म्हणे. निम्म्या जागा बायकांच्या, त्यांचीही नावं तिथेच ठरली. त्या साठांत बायका किती, हे विचारल्यावर आबांनी फोन आजीकडे दिला. आजी म्हणाली, "आम्ही चहा पाठवला."

पुढच्या रविवारी तू आजीशी बोल. तिला कोण हवं होतं, ते मलाही ऐकायचंय.

तुझा,
बाबा