यादीतला राहिलेला रकाना

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. अकरा वाटा, प्रत्येकीपुढे किलोमीटर, मग सर्वांत उंच ठिकाण, मग जायचा महिना. मेहनत घेतली आहेस. दक्षिण आफ्रिकेतली ऑटर ट्रेल पहिल्या नंबरावर टाकून तू समोर लिहिलंयस, ‘४५ किमी, ५ दिवस, समुद्रकाठ, सोपी’. वाचून हसू आलं, कारण तुझ्या वयात मीही हेच लिहिलं असतं. समुद्रकाठ म्हणजे उंचीचा त्रास नाही, आणि दिवसाला सरासरी नऊच किलोमीटर. कठीण काय त्यात?

चौथ्या दिवशी ब्लाउक्रान्स नदी समुद्राला मिळते तिथेच ती ओलांडायची असते. पूल नाही. ऐन ओहोटीला पोचलीस तर पाण्यातून चालत जाता येतं. चुकलीस तर सॅक मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची आणि ती ढकलत पोहत पलीकडे जायचं, समोरून लाटा आत शिरत असताना. नदी आदल्या मुक्कामापासून दहाएक किलोमीटरवर आहे. ओहोटी सकाळी आठला असेल तर तू पहाटे तीनला टॉर्च लावून निघालेली असायला हवीस. म्हणजे त्या दिवशी कधी उठायचं हे तू ठरवत नाहीस, भरती-ओहोटीचा तक्ता ठरवतो.

याला मी वाटेची गोम म्हणते. नावाजलेल्या जवळपास प्रत्येक वाटेला ती असते आणि ती किलोमीटरच्या रकान्यात दिसत नाही. तुझ्या यादीत तेवढा एक रकाना राहिलाय. तो भर, मग पहिली-दुसरी आपोआप ठरेल.

कॅनडातली वेस्ट कोस्ट ट्रेल तू सातव्या नंबरावर ठेवलीयस. तिची गोमही ओहोटीचीच, वर ओल्या शिड्या आणि चिखल. ७५ किलोमीटरची ही वाट सहलीसाठी झालीच नव्हती. १९०६ साली व्हॅन्कुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर व्हॅलेन्सिया नावाची आगबोट फुटली, शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बुडालेल्या जहाजांवरच्या लोकांना किनाऱ्याने सुटका मिळावी म्हणून ही वाट सुधारली गेली. हा इतिहास डोक्यात ठेवून गेलीस की तिथल्या समुद्राशी लाडात येणार नाहीस. खडकांमधल्या भेगांत पाणी कसं उसळतं ते आधी लांबून बघ.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीची गोम अगदी वेगळी आहे. तो उलटा डोंगर आहे. इतर ठिकाणी दम लागला की तू वळतेस आणि उरलेलं काम उताराचं असतं. इथे ताजी असताना उतरतेस आणि दमल्यावर चढायला लागतेस. ब्राइट एंजल वाटेने दक्षिण काठावरून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे १,३४० मीटर खाली जायचं, आणि उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो असं धरून चाल. म्हणजे दोन तास उतरलीस की चार तासांचं कर्ज झालं. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा विचारही करू नकोस. तिथले रेंजरही हेच सांगतात आणि तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी ते करायला जातंच.

आता उंची. इथे जरा थांबते, कारण या बाबतीत मी स्वतः चुकलेली आहे.

नेपाळमधल्या अन्नपूर्णा प्रदक्षिणेतली थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे. त्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा. आम्ही दोघी होतो. वाटेतल्या मनांग गावी, ३,५४० मीटरवर, एक दिवस थांबायचं असतं. तिथल्या मदत केंद्रात हंगामात रोज दुपारी उंचीच्या आजारावर तासभर माहिती देतात, तीही ऐकायची असते. आम्ही दोन्ही टाळलं. पाय छान चालत होते ना! घाई माझी होती, मैत्रीण नुसती माझ्यामागून आली.

खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामात ती संध्याकाळी म्हणाली, डोकं ठणकतंय. रात्री जाग आली तेव्हा ती टॉर्चच्या उजेडात बसून पायमोजा हातात चढवायचा प्रयत्न करत होती. शांतपणे, पुन्हा पुन्हा. काय करतेस म्हटलं तर म्हणाली, हातमोजा लहान झालाय. मी तिला बाहेर फरशांवर आणलं आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ चालून दाखव म्हटलं. तिसऱ्या पावलाला ती भिंतीवर गेली. मेंदूला सूज येऊ लागली की तोल असाच जातो. त्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबवायचं नसतं, तेव्हाच खाली न्यायचं असतं. आम्ही तसंच उतरलो. सॅक तिथेच सोडल्या, पाणी आणि टॉर्च तेवढे घेतले, मुक्कामातला एक जण सोबत आला. याक खर्कच्या आसपास, चार हजार मीटरवर, उजाडताना ती मला नीट रागावली, तेव्हा जिवात जीव आला. खिंड मी आजतागायत पाहिलेली नाही.

तर नियम साधा: ३,००० मीटरच्या वर गेलीस की आजच्या झोपेची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, रात्र खाली काढ. तब्येत, वय, व्यायाम यांपैकी कशावरही विसंबू नकोस. उलट दणकट लोकच जास्त फसतात, कारण त्यांचे पाय त्यांना भराभर वर नेतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पलाही (५,३६४ मीटर) हेच लागू आहे. हवामानही सांभाळ. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड चक्रीवादळाचे अवशेष नेपाळपर्यंत पोचले आणि अन्नपूर्णा-धौलागिरी भागात बर्फाने चाळीसहून अधिक माणसं गेली. महिना सगळ्यात चांगला होता. तुझ्या यादीतही तोच आहे.

मग पहिली वाट कुठली? मी अशी निवडीन, जिथे चूक झाली तर संध्याकाळी गाव येतं. तुझ्या यादीतल्या तीन मला तशा दिसतात. स्कॉटलंडची वेस्ट हायलँड वे, १५४ किलोमीटर. (जिथून सुरू होते त्या गावाच्या स्पेलिंगमध्ये बरीच फालतू अक्षरं आहेत, उच्चार ‘मल्गाय’. तिकीट काढताना उपयोगी पडेल.) गोम म्हणजे पाऊस आणि मिज नावाची चिलटं, जी वारा पडला की तोंडात, कानात, चहात, सगळीकडे. वैताग येतो, जीव जात नाही.

दुसरी स्पेनची कमिनो, यात्रेकरूंची जुनी वाट, फ्रान्सच्या हद्दीतून निघाल्यास सँटियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर. वाट चुकायची सोय नाही, सगळीकडे पिवळे बाण आहेत. ते बाण ओ सेब्रेरो गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्रीबाबांनी १९८० च्या दशकात गाडीत रंगाचे डबे घालून फिरत रंगवायला सुरुवात केली. तेव्हा या वाटेवर चालणारे फार थोडे होते, आज गर्दीच्या तक्रारी ऐकू येतात. हिची गोम पहिल्याच दिवशी असते. फ्रान्समधल्या साँ-जाँ गावाहून पिरेनीज पर्वत ओलांडताना बाराशे मीटरहून जास्त चढ, पंचवीसेक किलोमीटर, आणि उत्साह ओसंडून वाहत असतो. अनेकांचे गुडघे नि पावलं त्या एका दिवसात कामातून जातात आणि मग पुढचा महिनाभर ती ओढत न्यावी लागतात. पहिला टप्पा दोन दिवसांत तोड. आणि बुर्गोस शहरानंतरचं सपाट पठार कंटाळवाणं म्हणून लोक बसने ओलांडतात. तू ओलांडू नकोस. बघण्यासारखं काही नसताना आपण कसे चालतो ते तिथेच कळतं.

तिसरी मों-ब्लाँची प्रदक्षिणा. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किलोमीटर. उंचीचा त्रास नाही, बऱ्याच खोऱ्यांतून बस पकडता येते. पण एकूण चढ जवळजवळ १०,००० मीटर आहे आणि तो आकडा तुझ्या यादीत नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशोब घालून दिला. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वेगळा एक तास. लावून बघ: चालायचे ३४ तास, चढाचे जवळपास १७. हे एकावन्न तास पाठीवर ओझं नसताना, न थांबता, फोटो न काढता. अकरा दिवसांत भागल्यावर जो आकडा येतो त्याच्या दीडपट धर. जूनमध्ये खिंडीत बर्फ असतं, म्हणून मी जुलैच्या मध्याआधी जायला सांगणार नाही.

कॉर्सिकातली जीआर-२० यादीतून तात्पुरती काढ. १८० किलोमीटर आहे, पण घसरते दगड, खाली खोल दरी दिसणाऱ्या जागा आणि हात लावून चढायचे कातळ यांतून. पावसात ओल्या कातळावर कसं उतरायचं हे शिकायची ती जागा नव्हे. तिथे शिकलेलं वापरायला जायचं.

न्यूझीलंडच्या मिलफर्ड वाटेची गोम कागदावरच आहे. दिवसाला स्वतःहून चालणारे फक्त ४० जण सोडतात, एकाच दिशेने, आणि रोज पुढच्या झोपडीत जावंच लागतं. पाऊस थांबेपर्यंत राहू, असं चालत नाही. देशाच्या त्या कोपऱ्यात वर्षाला सहा-सात मीटर पाऊस पडतो, म्हणजे भिजणार हे धरूनच जा. आरक्षण उघडल्यावर मिनिटांत संपतं. पेरूतल्या इंका ट्रेलचंही तेच: रोज ५०० जण, त्यात वाटाडे आणि हमालही धरले, फेब्रुवारीत वाट बंद. तिथे तुझं सामान दुसरं कुणी उचलणार असेल तर त्याच्या पाठीवर किती किलो आहे ते विचारायला लाजू नकोस. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियात, गोम म्हणजे वारा. तिथल्या तोरेस देल पायने उद्यानात २००५ साली परवानगी नसलेल्या जागी एका पर्यटकाचा स्टोव्ह लवंडला आणि हजारो हेक्टर परिसर जळाला. तिथे ठरवून दिलेल्या आडोशाबाहेर काडीसुद्धा पेटवायची नाही.

सामानाबद्दल तू दोन पानं विचारलंयस, मी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या अपलाचियन ट्रेलवर, सुमारे ३,५०० किलोमीटर, एमा गेटवूड नावाच्या बाई १९५५ साली एकट्या चालून गेल्या. वय ६७, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला पडदा. ही गोष्ट ‘सामान लागत नाही’ असं म्हणणारे फार सांगतात. आदल्या वर्षी काय झालं ते मात्र सांगत नाहीत. १९५४ मध्ये त्या उत्तरेकडून निघाल्या, थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि त्यांना घरी परतावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तू पिशवी बघू नकोस, टोक बदललेलं बघ. आणि ही पूर्ण वाट एका दमात करायला निघालेल्यांपैकी चारांतला साधारण एकच पोचतो. तिथली गोम कंटाळा आहे. दिवसेंदिवस झाडीच्या बोगद्यातून चालायचं. नोकरी सोडून पाच-सहा महिने जायचा तुझा बेत दोन वर्षं पुढे ढकल.

एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. पाण्याचा फिल्टर घेशील त्याच्यात केसासारख्या पोकळ नळ्या असतात. एकदा वापरून ओल्या झाल्या आणि रात्री गोठल्या की त्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही. उलट पाणी जास्त झरझर येतं, आपल्याला वाटतं वा, आज छान चालतोय! कॅलिफोर्नियातल्या जॉन म्यूर ट्रेलवर सप्टेंबरात असा फिल्टर मी चार दिवस वापरला आणि नंतर तीन आठवडे पोट धरून बसले. थंडीत तो पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेव. आणि बुटात कुठेही गरम लागलं की तिथल्या तिथे बूट काढ. लोकांना थांबवायचा संकोच वाटतो म्हणून आपण फोड येऊ देतो. थांबव. नंतर तुझ्यामुळे दोन दिवस थांबावं लागण्यापेक्षा त्यांना ते परवडतं.

यादी नव्या रकान्यासह परत पाठव. गोम सापडली नाही तिथे रकाना मोकळा ठेव, मनाने काही भरू नकोस, मोकळ्या जागांवर आपण बसून बोलू. ऑटरचं आरक्षण मिळतंय म्हणाली होतीस, दिवसाला बारा जणांनाच सोडतात त्यामुळे मोह होणार हे कळतं. पण पैसे भरण्याआधी तुझ्या चौथ्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे तेवढं बघून मला कळव. आणि पोहतेस किती, तेही खरं खरं लिही.

तुझी,
मावशी