आधी गंगापूर धरण आठव

अरे, विषाणू पेशीतल्या कॅल्शियमशी कसे खेळतात हे शिकायला लागलायस, तर पहिल्याच महिन्यात पन्नास प्रथिनांची नावं पाठ करत बसू नकोस. नाशिककर ना तू? पेशीतली आंतर्द्रव्यजालिका (आतलं पडद्यांचं जाळं) म्हणजे कॅल्शियमचं गंगापूर धरण. पेशीद्रवात कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलार, पेशीबाहेर सुमारे १०,००० पट जास्त. रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूचं एनएसपी४ प्रथिन त्या धरणाला चक्क भोक पाडतं. सुरुवातीला एवढा एकच विषाणू धर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- संसर्ग न केलेल्या पेशी शेजारी ठेवतच नाहीत. मग तुलना कशाशी?
- फ्लुओ-४ (कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग) चमकला की लगेच विषाणूवर खापर. मरणारी पेशीही चमकते! (मीही फसलोय.)

हा रंग म्हणजे गोदावरीतला आपला दुतोंड्या मारुती: पूर किती चढला ते दाखवतो, पाणी कुठून सुटलं ते नाही. बाकीचं दिवाळीनंतर बघू.