तपासणीचा ढीग आणि प्रश्नपत्रिका

"रविवारसुद्धा उत्तरपत्रिकांतच जातो. मीच कमी पडते का?" विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंची ही तक्रार. शिक्षकांकडून ती वारंवार येते, म्हणून आधी हिशेब मांडला. चार तुकड्या, प्रत्येकी ४५ मुलं, म्हणजे १८० उत्तरपत्रिका. एकेकीला सहा मिनिटं धरली तरी १८ तास. वेळापत्रकात एवढी जागा कुठेच नव्हती. असल्या वेळी 'वेळेचं नियोजन करा' हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठच.

मग प्रश्नपत्रिका पाहिली. 'बाष्पीभवनाविषयी माहिती लिहा. (४ गुण)' कोणी दोन ओळी लिहिल्या, कोणी पानभर. दोन द्यावेत की अडीच, हे बाई दर उत्तरापाशी नव्याने ठरवत होत्या. वेळ जात होता तो इथे. प्रश्न असा बदलला: 'बाष्पीभवनाचा वेग वाढवणारे कोणतेही दोन घटक लिहा व प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.' घटकाला एक गुण, उदाहरणाला एक. उत्तरसूचीत तापमान, पृष्ठफळ, वारा, हवेतली कमी आर्द्रता. पृष्ठफळासाठी 'ओले कपडे पसरून घातले की लवकर वाळतात' चालेल, नुसतं 'कपडे वाळतात' नाही, हेही तिथेच लिहून ठेवायचं.

उत्तरसूची छपाईआधीच करावी. ती लिहिताना हात अडला, तर प्रश्न मोघम आहे. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला नि कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा, मात्र बरेचजण फाइलपुरता, मागाहून भरतात. मग सगळे गुण पाठांतराकडे झुकलेले कळतच नाही.

तपासताना पहिल्या पाच-सहा उत्तरपत्रिका नुसत्या वाचायच्या. सूचीत न आलेली, पण बरोबर उत्तरं तिथे सापडतात. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न, नंतर सगळ्यांचा दुसरा. सूची डोक्यात राहते आणि एका सुंदर उत्तराची छाप पुढच्या गुणांवर पडत नाही. नेहमीच्या चार-पाच चुकांना खुणा ठरवायच्या, चर्चा वर्गात एकदाच.

"पालक म्हणतील, शेराच नाही!" शंका रास्त होती. खुणांचा अर्थ मुलांकडूनच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

राहिल्या तारखा. चारही तुकड्यांची चाचणी एका दिवशी न ठेवता दोन-दोन तुकड्या आठवड्याच्या अंतराने घ्यायच्या. मात्र दुसऱ्या जोडीला तीच प्रश्नपत्रिका दिली तर ती मधल्या सुट्टीतच फुटते; रचना आणि गुण तेच ठेवून घटक नि आकडे बदलावे लागतात.