नव्या वर्षात बारा गोधड्या? आधी तुझं अडतंय कुठे ते बघ

आपल्या गोधडीच्या ग्रुपवर टाकलेली तुझ्या नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी वाचली. वर्षात बारा गोधड्या, वर्षभर एक मीटरसुद्धा नवीन कापड घ्यायचं नाही, फ्री मोशन (मशीनखाली कापड हाताने हवं तसं फिरवत शिवणं) शिकायचं, टेंपरेचर क्विल्ट (रोजच्या तापमानाप्रमाणे तुकड्यांचे रंग ठरवलेली गोधडी) करायचं आणि रोज पंधरा मिनिटं मशीनवर बसायचंच. वर नोकरी, शाळेतली दोन मुलं आणि सिंहगड रोडचा टू बीएचके. प्रॅक्टिकल आहे का विचारलंयस म्हणून सरळ सांगते, नाहीये. पण तुझ्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी कंसात टाकलीस, की चार टॉप, म्हणजे गोधडीचे तुकडे जोडलेले वरचे थर, शिवून तयार आहेत आणि दोन वर्षं कपाटात पडलेत. अगं, खरा प्रॉब्लेम तोच आहे ना! तुकडे जोडायला तुला वेळ मिळतोय, हौसही आहे. अडतंय त्याच्या पुढे, म्हणजे टॉप, मधला थर आणि अस्तर एकत्र अंथरून कच्चे टाके घालायला. तिथलं काही न बदलता बाराचा संकल्प केलास तर पुढच्या डिसेंबरला कपाटात सोळा टॉप असतील, बस.

म्हणून माझं मत असं की किती करायच्या हा आकडाच ठरवू नकोस. कुठली पायरी सुटत नाही ते बघ आणि वर्षाचा संकल्प त्या एका पायरीचा कर. कोणाचं रंग निवडण्यात अडतं, कोणाचं गोट (कडेची पट्टी) लावण्यात, बहुतेकींचं या अंथरण्यात, कारण त्याला जागा लागते, गुडघे लागतात आणि सलग तीनेक तास घरात कोणी त्यावरून चालणार नाही याची गॅरंटी लागते, आणि मुलं असलेल्या घरात ती कोण देणार.

जागेचं आधी. साठ बाय ऐंशी इंचांचा टॉप असेल तर अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त, म्हणजे ६८ बाय ८८ धर. एवढी मोकळी फरशी हॉलमध्ये सोफा सरकवल्याशिवाय निघत नाही. पण तुझ्या सोसायटीत क्लबहाऊस असेल तर तिथलं टेबल टेनिसचं टेबल बघ, ते ९ फूट बाय ५ फूट असतं, म्हणजे १०८ बाय ६० इंच, आपल्या सिंगल गोधडीला जणू मापानेच बनवलंय (अस्तराचे जास्तीचे चार-चार इंच बाजूंनी खाली दुमडायचे), आणि वीकडेला सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. अर्धा दिवस सुट्टी टाक, सेक्रेटरींना आधी विचार (नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चासत्र), जाळी काढून अस्तर उलटं अंथर, कडांना मास्किंग टेप, ताणायचं नाही फक्त चुण्या जाईपर्यंत सपाट करायचं, मग मधला थर, मग टॉप. सेफ्टीपिना मधून सुरू करून बाहेर बाहेर, चार बोटांच्या अंतरावर. दोघी असाल तर एका सकाळी दोन टॉप सहज होतात. म्हणजे असे दोन दिवस काढलेस की तुझे चारही पेंडिंग टॉप मशीनवर घ्यायला तयार. माझ्या लेखी तुझा पहिल्या सहामाहीचा संकल्प एवढाच, बाकी काही झालं नाही तरी चालेल.

आणि मधला थर. हे मी नेहमी सांगते आणि नेहमी वाद होतो, पण पुण्यात जाड बॅटिंग (मध्ये घालायचा तयार भराव) कशासाठी? आपल्याकडे खरी थंडी दोन-अडीच महिने, तीसुद्धा पहाटेची. परदेशी व्हिडिओ बघून फुगीर पॉलिएस्टर आणायचं, मग ते मशीनखाली कोंबताना रडायचं आणि मार्चमध्ये गोधडी माळ्यावर. जुनी सुती साडी किंवा फ्लॅनेल मध्ये घाल. पातळ होतं, धुतल्यावर लवकर वाळतं आणि वर्षभर अंगावर घेता येतं. आपल्या आज्यांच्या गोधड्यांत कापूस कुठे असायचा, साड्यांचे थर आणि धावदोरा. पिंजलेला सुटा कापूस भरणार असशील तर टाके अगदी जवळजवळ हवेत नाहीतर दोन धुण्यांत तो कोपऱ्यात गोळा होतो.

अंथरणं अजिबातच नको वाटत असेल तर ती पायरीच टाळणाऱ्या पद्धती आहेत, नव्या वर्षात त्यातली एक करून बघ. क्विल्ट अॅज यू गो मध्ये प्रत्येक ब्लॉक वेगळा क्विल्ट करून शेवटी जोडायचे, म्हणजे मोठं धूड मशीनखाली जातच नाही, घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत सहा-सात इंचच तर जागा असते. आणि दुसरी मला फार आवडते ती कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी. त्यात टॉप वेगळा शिवतच नाहीत. खाली साडीचा किंवा जाड कापडाचा पाया, कडेपासून सुरुवात, एकेक तुकडा ठेवायचा, कड आत मुडपायची आणि सरळ पायावर धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं. माप नको, रोटरी कटर नको, टेबल नको, मांडीवर घेऊन बसलं की होतं. लॉकडाऊनमध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणींनी करून बघितली होती आणि ज्यांचा हात धावदोऱ्याला बसलेला होता त्यांची झकास झाली.

आता बाराच्या आकड्याचं गणित बघ म्हणजे पटेल. साठ बाय ऐंशीला पाच इंची चौकोन लावलेस तरी १२ गुणिले १६ म्हणजे १९२ तुकडे. नंतर तीन-तीन इंचावर नुसत्या उभ्या टिपा मारल्यास तर वीस टिपा, ऐंशी इंचाच्या, म्हणजे चाळीस मीटर शिवण. आडव्याही मारल्यास तर ऐंशी मीटर. हे महिन्याला एक, नोकरी सांभाळून, आणि मध्ये गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा. तुला आकडाच हवा असेल तर दुपट्यांचा धर. ३६ बाय ३६चं दुपटं दोन वीकेंडला होतं आणि बारशाची तारीख असली की काम आपोआप पुढे सरकतं, त्याच्याइतकी डेडलाईन कुठलीच नाही. फक्त दुपट्याला बटणं-मणी नकोत आणि आईला सांग की हे खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला. तान्ह्या बाळाला झोपताना अंगावर सैल पांघरूण नको असंच डॉक्टर सांगतात.

कापडबंदीबद्दल माझा अनुभव असा आहे की पूर्ण बंदी फेब्रुवारीपर्यंत टिकते, मग रविवार पेठेत नुसती लेस आणायला गेलेली बाई कापडगंजातून दोन पिशव्या घेऊन बाहेर येते आणि एकदा नियम मोडलाच आहे तर म्हणून लक्ष्मी रोडलाही जाऊन येते. त्यापेक्षा काय घ्यायचं ते ठरव. अस्तर, दोरा, सुया आणि प्लेन फिकट कापड घ्यायला पूर्ण परवानगी, छापील बंद. कारण सगळ्यांच्या कपाटात मध्यम गडद प्रिंट ढीगभर असतात आणि फिकट काही नसतं, म्हणून टॉप लांबून बघितला की सगळा एकसारखा चिखल दिसतो. कापड मांडून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढ, लगेच कळेल. अस्तराला सुती डबल बेडशीट छान पडते, जोड द्यावा लागत नाही, पण हाताने टाके घालणार असशील तर घट्ट विणीची भारीतली चादर घेऊ नकोस, सुई जात नाही आणि बोटं सोलवटतात. आणि अजरख, इंडिगो, बगरू असं रंग सोडणारं छापाचं जे काही कापड असेल ते आधी धू, ओल्या कापडावर पांढरा तुकडा ठेवून इस्त्री कर, रंग लागला की परत धू. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हे विसर.

टेंपरेचर क्विल्टची हौस मी समजू शकते, दर जानेवारीला कोणी ना कोणी सुरू करतंच, पण ती कल्पना बर्फ पडणाऱ्या देशातली आहे. पुण्याचं नुसतं कमाल तापमान घेतलंस तर गंमत होते, ऑगस्टमध्ये ते अठ्ठावीसच्या आसपास असतं आणि जानेवारीत तीसच्या आसपास, म्हणजे तुझ्या क्विल्टमध्ये सगळ्यात थंड रंग पावसाळ्यात येणार आणि थंडी दिसणारच नाही! म्हणून किमान आणि कमाल दोन्ही घे. शिवाजीनगरचे रोजचे आकडे हवामान खात्याकडून मिळतात, पेपरातही येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीत भरपूर अंतर असतं आणि पावसाळ्यात ते जेमतेम सहा-सात अंश, त्यामुळे डिझाईन खरंच बोलायला लागतं. पण रोजचा तुकडा नको, दोन्ही धरून ७३० तुकडे होतील आणि एप्रिलपासून बॅकलॉग. आठवड्याची सरासरी घे. ५२ ब्लॉक, चार उभ्या रांगा, प्रत्येकीत तेरा. ब्लॉक १५ बाय ६चा, डावीकडे किमान, उजवीकडे कमाल, दोन्ही तुकडे शिवणीसाठी पाव-पाव इंच माया धरून ८ बाय साडेसहा कापायचे. पूर्ण साईज ६० बाय ७८, म्हणजे वर सांगितलेल्या टेबलावर बसणारी. रविवारी दुपारी वीस मिनिटांचं काम आहे.

रोज पंधरा मिनिटं मशीनवर हे तेव्हाच जमतं जेव्हा मशीन कायम उघडं असतं. तुझं डायनिंग टेबलवर मांडायचं, जेवायच्या आधी उचलायचं, त्यातच पंधरा मिनिटं गेली. रोजचं म्हणून हातकाम ठेव, डब्यात सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान आणि जो काही गोट मागून हाताने बसवायचा राहिलाय तो. टीव्हीसमोर होतं, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना होतं, गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हाही होतं. मशीनला रविवार.

फ्री मोशन नक्की शीक पण पेंडिंग टॉपवर शिकू नकोस. बारा इंची छोटी छोटी सँडविच (तिन्ही थर एकत्र केलेले तुकडे) करून ठेव, मशीनचे कापड पुढे सरकवणारे खालचे दात उतरव, डार्निंग फूट (कापड मोकळं फिरू देणारा फूट) लाव आणि दर रविवारी एका तुकड्यावर पाच-दहा मिनिटं हात फिरव, आधी नुसत्या वेलांट्या, मग आपली सही. हात आणि पायाचा वेग जुळायला वेळ लागतो, त्याला शॉर्टकट नाही. तोपर्यंत पेंडिंगवाल्यांना वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे नेणारा) लावून सरळ टिपा मार, त्या सुंदरच दिसतात. आणि सुई बदल गं बाई, आठेक तास शिवण झालं की बदलायची, गोधडीच्या जाडीला नव्वद नंबरची. टाके सुटतात म्हणून मशीन बिघडलंय असं सांगत येतात त्यातल्या निम्म्या सुया दिवाळीच्या आधीपासून लावलेल्या असतात.

महिन्यांचं म्हणशील तर धुणं-वाळवणं सगळं मे संपायच्या आत उरक, जुलैत गोधडी वाळत नाही आणि कुबट वास बसला की बसला. खळ लावलेलं कापड पावसाळाभर घडी करून ठेवू नकोस, कसर लागते. इस्त्रीचं काम एप्रिल-मे सोडून. पावसाळा तुकडे जोडायला सर्वोत्तम. अंथरायचे दोन दिवस शक्यतो जानेवारीत आणि मुलं आजोळी गेली की मे महिन्यात टाक.

माझं काय ठरलंय विचारलंस. आत्याबाईंच्या जुन्या सुती नऊवारी आल्यात, त्याची एक गोधडी पूर्ण हाताने, तीच वर्षभर चालेल. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, नव्वद इंची तीन पट्टे निघून वर पदराकडचं उरतं, ते उरलेलं मी वरच्या थरात मध्यभागी घेणार आहे, घरच्यांना त्याच बाजूचं कौतुक. वक्र शिवण शिकायची आहे. आणि आधी दिलेल्या सगळ्या गोधड्यांना मागे लेबलं लावायची आहेत, कोणी, कोणासाठी, पुणे, साल. ज्यांच्याकडे गेल्यात त्यांच्याकडे जाऊन, चहा पिऊन, टाके घालून यायचं. भाच्यांनी आत्ताच सांगितलंय की चहा नाही, पोहेही देऊ.

तू या आठवड्यात त्या चार टॉपची मापं काढून टाक इथे. त्यातले दोन साठ इंच रुंदीच्या आतले असतील तर ते आधी घेऊ. आणि गोटाचं कापड आत्ताच काढून ठेव, साठ बाय ऐंशीला अडीच इंची आठ पट्ट्या लागतात, चव्वेचाळीस पन्ह्याचं पाऊण मीटर पुरेल. कर्वेनगर-वारज्याच्या बाजूची कोणी टेबल धरायला येणार असेल तर तिनेही सांगा, पिना माझ्याकडे भरपूर आहेत.